प्लॅस्टिकवर पावडर कोटिंग: बिलात पावडर, पार्टावर स्प्रे

बेळगावात उद्यमबाग आणि मच्छे भागात लोखंडावर उत्तम पावडर कोटिंग, म्हणजे कोरडी रंगाची पावडर चिकटवून भट्टीत पक्का केलेला थर, करून मिळतं. गडबड होते ती लोखंडासोबत प्लॅस्टिकचे किंवा फायबरचे पार्ट गेले की. टू-व्हीलरचा सगळा सेट घ्या: चॅसी, स्टँड, साइड पॅनल, मडगार्ड. किंवा ऊस हंगामाआधी चिकोडी-अथणीकडून येणारा ट्रॅक्टरचा फायबरचा हूड. ‘होतंय की, चार दिवसांनी न्या’ म्हणून सगळ्याचा एकच दर ठरतो, ॲडव्हान्स घेतला जातो. लोखंडी भाग खरोखर भट्टीत जातात. प्लॅस्टिकचे भाग मागच्या बाजूला साध्या गनने, जुळता रंग बघून, स्प्रे होतात. बिलावर मात्र सरसकट ‘पावडर कोटिंग’. हातात आल्यावर दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात. फरक उघडा पडतो तो एक उन्हाळा गेल्यावर: चॅसी जशीच्या तशी, पॅनल फिकं, आणि पाण्याचा प्रेशर पंप मारला की कडेचे पापुद्रे सुटायला लागतात.

हे काम त्या भट्टीत का होत नाही, ते कळलं की थाप लगेच ओळखता येते. नेहमीची पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी पावडर पिकायला, म्हणजे वितळून कायमची घट्ट व्हायला, पार्टाचं स्वतःचं तापमान १८० ते २०० अंशांवर १० ते १५ मिनिटं राहावं लागतं. एबीएस हे कडक प्लॅस्टिक शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडतं. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) १६५ अंशांच्या जवळ चक्क वितळतं. पॉलिकार्बोनेट १४५-१५० अंशांवर नरम होतं. दुसरी अडचण विजेची. गन पावडरला ६० ते १०० किलोव्होल्टचा भार देते आणि ती अर्थिंग असलेल्या पार्टाकडे ओढली जाते. प्लॅस्टिक वीज वाहत नाही, त्यामुळे वाहक प्रायमर (वीज वाहणारं अस्तर) मारल्याशिवाय किंवा पार्ट आधी तापवल्याशिवाय पावडर नीट बसत नाही, झटकली की गळते.

फायबरची, म्हणजे काचतंतू आणि रेझिनच्या पार्टांची, गोष्ट याहून फसवी, कारण तो भट्टीत वितळत नाही. हाताने थर लावून केलेल्या साध्या पॉलिएस्टर रेझिनच्या पार्टात हवेचे बुडबुडे आणि न पिकलेलं स्टायरिन अडकलेलं असतं. १८० अंशांवर ते बाहेर यायला बघतं आणि पावडरच्या थराला टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि फोड पडतात. मग ऐकायला मिळतं, ‘तुमचा मालच खराब होता’. माल खराब नसतो, तो या तापमानासाठी बनवलेलाच नसतो. कार्बन फायबरचंही तेच. इपॉक्सी किती अंशांवर पिकवलं होतं ते विचारल्याशिवाय त्याला भट्टी दाखवू नये.

आणखी एक प्रकार आहे, तो जास्त वाईट. पार्ट वाकू नये म्हणून भट्टी मुद्दाम कमी ठेवतात. पावडर शंभर-सव्वाशे अंशांवर वितळून पसरते, चमकही येते, पण थराच्या आतली रासायनिक जोडणी होतच नाही. असा थर दिसायला पक्का, पण नखाने दाबून ओढला की टवका निघतो. स्प्रे निदान रंग तरी असतो, हा नुसता वितळलेला लेप.

ताब्यात घेतानाच पार्ट उलटा करून बघा. पावडर केलेला पार्ट हुकला टांगलेला असतो, त्यामुळे कुठल्या तरी भोकाजवळ हुकचा बारीक उघडा ठिपका सापडतोच. पावडर कडेवरून मागे वळून बसते. स्प्रेचा मात्र मागच्या बाजूला कोरडा, खरखरीत धुरळा दिसतो आणि खालच्या कडेला कधी कधी ओघळ. नाकाजवळ धरल्यावर थिनरचा वास आला तर पुढे बोलायचं कारण नाही, पावडरमध्ये थिनर नसतोच. तरीही शंका असेल तर आतल्या न दिसणाऱ्या जागी फडक्यावर थेंबभर एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर घेऊन आठ-दहा वेळा घासा. स्वस्त एनसी रंग फडक्याला लगेच लागतो. उघड्या एबीएसला थिनर लावू नका, प्लॅस्टिकच विरघळेल. दुकानातलं जाडी मोजायचं मीटर प्लॅस्टिकवर चालत नाही. ते धातूच्या पायावरच आकडा देतं, त्यामुळे ‘मीटरवर ८० मायक्रॉन आलंय’ असं कुणी पॅनलबद्दल सांगितलं तर समजून जा.

प्लॅस्टिकवर पावडर अजिबात होत नाही असं मात्र नाही. पीए-६ जीएफ-३०, म्हणजे ३० टक्के काचतंतू घातलेला नायलॉन, आधी वाळवून ओलावा काढला आणि वाहक प्रायमर दिला तर टिकतो. गाड्यांच्या कारखान्यांत दाबून घडवलेल्या एसएमसीवरही (काचतंतू-रेझिनच्या तयार पत्र्यावर) होतं. कमी तापमानाच्या आणि यूव्ही (अतिनील) किरणांनी पिकणाऱ्या पावडरी मिळतात, पण त्यांना वेगळी लाइन लागते. म्हणून दर विचारण्याआधी पावडरचं डेटाशीट मागा आणि पार्टाच्या मागे साच्यात उठलेली अक्षरं वाचा. शीटवर ‘२०० अंश, १० मिनिटं’ आणि पार्टावर ‘एबीएस’ असेल तर तिथूनच माघारी फिरा. खास प्लॅस्टिकची पावडर आहे म्हणून जादा पैसे मागितले तर डब्यावरचं लेबल बघायला मागा.

एबीएसला मुळात दोन डब्यांचा (रंग आणि हार्डनर) पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंगच योग्य: ४०० ते ६०० नंबरच्या पेपरने घासणं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, प्रायमर, रंग, वर क्लिअर, आणि ६० अंशांत अर्धा तास. पीपी असेल तर प्रायमरआधी चिकटपणा वाढवणारा प्रमोटर, नाहीतर रंग सालीसारखा सुटतो. हे काम करून तोच दर लावला असता तर फारशी तक्रार नव्हती. पैसे पावडरचे घेऊन, प्रमोटरही वाचवून स्वस्त एनसी रंग मारतात, राग त्याचा.

बिलावर ‘कोटिंग जॉब वर्क’ एवढंच घेऊ नका. पार्टाचं नाव, प्लॅस्टिकचा प्रकार, पावडर की पीयू, हे लिहून घ्या. फसलात तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या आयोगाकडेही जाता येतं, म्हणजे चंदगड-गडहिंग्लजच्या माणसाने बेळगावात काम दिलं असलं तरी कोल्हापुरात तक्रार चालते. धंद्यासाठी माल करून घेणाऱ्याला हा रस्ता सहसा मिळत नाही. पोटापाण्यापुरता स्वतः धंदा करणाऱ्याला तेवढी सूट आहे.