घरात लॅनची वायर ओढून आठ महिने झाले: वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीत इंटरनेट कंपनीच्या पोरानं १०० एमबीपीएसचा (सेकंदाला शंभर मेगाबिट, हे वेगाचं माप) प्लॅन ३०० वर न्यायचा बराच आग्रह केला होता. कारण माझीच तक्रार: वरच्या खोलीत मीटिंगमध्ये आवाज तुटतो, समोरच्याचं तोंड उघडं राहून चित्र थिजतं. मी प्लॅन वाढवला नाही. पाच पोर्टचा (वायर खुपसायच्या भोकांचा) एक गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा, स्विच (घरातली यंत्रं वायरनं एकमेकांना जोडणारा डबा), तीस मीटर कॅट ६ जातीची लॅनची वायर, तिच्या टोकांना लावायच्या कनेक्टरची पुडी आणि ते दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल आणलं. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आत. त्याला आता आठ महिने झालेत.

आधी घर सांगते, त्याशिवाय यातलं काही कळणार नाही. कराडातलं जुनं घर, भिंती दगडी, दीड फूट जाड. राउटर खाली सोप्यात, माझं टेबल वर माडीवर. तिथं वायफायच्या दोन काड्या दिसायच्या आणि स्पीड टेस्टवर वीसेक एमबीपीएस यायचे. आता मीटिंगला दोन-तीन एमबीपीएस पुष्कळ होतात. मग वीस असताना तुटतं का?

एका रविवारी लॅपटॉपवरून राउटरलाच पिंग लावून बसले, म्हणजे इंटरनेटचा संबंधच नाही, फक्त माडी ते सोपा. आकडे आले ४, ६, १८०, ५, ३१० मिलिसेकंद, मग एक उत्तरच नाही. तिथं डोक्यात प्रकाश पडला. स्पीड म्हणजे सेकंदाला किती माल येतो. पिंग म्हणजे एक पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ. सिनेमा बघताना पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो, त्यामुळे पॅकेट उशिरा आलं तरी कळत नाही. बोलण्याचं पॅकेट मात्र उशिरा आलं की वायाच गेलं, त्या शब्दाची वेळ टळून गेलेली असते. शिवाय वायफायवर एका चॅनेलवर (लहरींच्या एका पट्ट्यावर) एका वेळी एकानंच बोलायचं असतं. भिंतीमुळे पॅकेट खराब झालं की पुन्हा पाठवायचं, तोवर बाकीचे थांबलेले. शेजारच्यांचं वायफाय त्याच चॅनेलवर असलं तर त्यांच्यासाठीही थांबायचं. प्लॅन ३०० चा केला असता तरी ही भिंत तिथंच राहिली असती.

वायर घेताना मात्र फसले. पहिल्या दुकानात बरीच स्वस्त मिळाली. "ताई, हीच जाते सगळीकडं," असं म्हणून त्यानं मापून दिली. घरी येऊन तार ब्लेडनं खरवडली तर वरचा तांबूस रंग निघून आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! दोनदा वाकवली की मोडते आणि लांब अंतरावर सिग्नलही जास्त घटतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानातून शुद्ध तांब्याची आणली. घ्यायच्या आधी टोक खरवडून बघा, दुकानदार कुरकुरला तरी.

भिंतीला भोक पाडायचा बेत अर्ध्या दिवसात सोडला आणि जुन्या टीव्हीच्या केबलच्या भोकातून वायर वर नेली. कनेक्टर लावणं हे खरं चष्म्याचं काम. आठ तारा, क्रम ठरलेला: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. माझे पहिले चार कनेक्टर कचऱ्यात गेले.

वायर लागल्यावर तोच पिंग १ मिलिसेकंदाच्या आत. दिवसभर. आठ महिन्यांत घरातल्या नेटवर्कमुळे मीटिंग तुटली ती एकदाच, ते पुढे सांगते.

स्पीड टेस्ट आता ९४-९५ वर थांबते. आमच्या धाकट्या दिरांना वाटलं, कंपनी पाच-सहा एमबीपीएस खातेय. तसं नाही. कारखान्याच्या काट्यावर ट्रॉली भरलेली तोलतात, पण उसाचं वजन म्हणजे त्यातून रिकाम्या ट्रॉलीचं वजा करून. इथं वायरवर एका फ्रेमला (पॅकेट ज्यात घालून वायरवर पाठवतात ती पेटी) १५३८ बाइटची जागा लागते, त्यात आपला माल १४६०, बाकी पत्ते, तपासणीचे आकडे आणि दोन फ्रेममधलं अंतर. भागाकार करून बघा, शंभराला सुमारे ९५ येतात. गंमत म्हणजे पुण्यात दीर स्वतः ३०० चे पैसे भरत होते आणि त्यांनाही ९४ च मिळायचे. त्यांनी घेतलेल्या स्वस्त राउटरचे पोर्टच १०० चे निघाले.

फेब्रुवारीत असंच काहीतरी माझ्याकडे झालं. लॅपटॉपमधले फोटो खालच्या जुन्या कॉम्प्युटरवर उतरवते, तिथं सेकंदाला शंभरेक मेगाबाइट जायचे, ते एकदम अकरावर आले. (आठ बिट म्हणजे एक बाइट. १०० एमबीपीएस म्हणजे फार तर साडेबारा मेगाबाइट, यात निम्मं जग गोंधळतं.) स्विचवरचा माझ्या पोर्टचा हिरवा दिवा नारिंगी झालेला. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. एक तार कनेक्टरमध्ये सैल झाली होती, आणि दोन्ही यंत्रांनी आपसात ठरवून १०० वर काम चालू ठेवलं होतं. इंटरनेटचा प्लॅनच १०० चा, त्यामुळे त्यात काहीच फरक दिसला नाही. किती दिवस तसं चाललं कोण जाणे. टोक कापून नवा कनेक्टर लावला, दिवा हिरवा.

आणि ती तुटलेली मीटिंग. मे महिन्यात सासूबाईंनी झाडताना एक वायरचं टोक लोंबकळताना पाहिलं आणि मोकळं भोक दिसलं त्यात नीट बसवून टाकलं. वायरचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकायला लागले, घरातलं सगळं बंद. स्विचला "हा पत्ता कुणाचा?" असा सगळ्यांसाठीचा निरोप आला की तो आला ते पोर्ट सोडून बाकी सगळीकडे पाठवतो. इथं तो एका भोकातून बाहेर पडून दुसऱ्यातून परत आत, पुन्हा बाहेर, असा फिरत राहिला. इंटरनेटच्या पॅकेटवर एक आकडा असतो, प्रत्येक राउटर तो एकानं कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतो. स्विचमधल्या फ्रेमवर असा आकडाच नसतो. तक्रार केंद्रानं अर्थातच राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. वायर मी उपसली आणि दोन सेकंदांत सगळं सुरळीत. महागड्या स्विचना असा फेरा ओळखता येतो, माझ्या साध्याला येत नाही.

उणिवा आहेतच. जिन्याच्या कडेनं गेलेली पट्टी वाईट दिसते. मोबाइलला वायरचा काही उपयोग नाही, म्हणून जुना राउटर माडीवर वायरला जोडून वायफायपुरता ठेवलाय (त्याचं पत्ते वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, आधी बंद करा, नाहीतर घरात दोन तलाठी होतात). रस्ता खोदताना बाहेरची फायबर तुटली की बॉक्सवर लाल दिवा लागतो, तेव्हा घरातली वायर कितीही चांगली असो, बसून राहायचं. आणि तांब्याची वायर गच्चीवरून किंवा बाहेरून नेऊ नका, वळवाच्या विजांत पोर्ट जळतात.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये, पातळ भिंती असतील तर मी हा उद्योग केला नसता, राउटर मधल्या खोलीत सरकवला असता. ती मुलामा दिलेली पहिली वायर दुकानदारानं परत घेतली नाही. सासूबाईंनी ती मागच्या पडवीत कपडे वाळत घालायला बांधली आहे, आणि अजून तरी तुटलेली नाही.