आठ महिने, एक ऑनलाइन कॅसिनो आणि आईचा गुडघा

साइटचं नाव लिहिणार नाही. आठ महिने खेळलो, एकूण हिशोबात तोट्यात आहे, आणि त्याबद्दल तक्रार नाही. एक शून्य असलेल्या रूलेटवर (आकड्यांच्या फिरत्या चाकाचा खेळ) प्रत्येक पैजेतले सरासरी 2.7 टक्के कॅसिनोकडे जातात, हे माहीत असूनच बसलो होतो.

शिरलो ते वेलकम बोनसला भुलून. 100 भरा, वर 100 घ्या. अट एवढीच की बोनसच्या 35 पट पैजा लावून झाल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. म्हणजे 3500 च्या पैजा. स्लॉटचा, म्हणजे चित्रं फिरवायच्या मशीन-खेळाचा, परतावा 96 टक्के धरला तर तेवढं फिरवताना सरासरी 140 जातात. 100 फुकट मिळवायला 140! रूलेटवर अट पुरी करावी म्हटलं, तर तिथली पैज अटीत फक्त 10 टक्के मोजणार. (ब्रिटनच्या नियामकाने ही पट 10 वर आणली. तेवढ्यात 40 च जातात, म्हणजे बोनस निदान बोनस राहतो.) कागदावर हा हिशोब मांडला त्या दिवसापासून बोनसचा मोह सुटला. दुसऱ्या साइटने दुप्पट देऊ केलं असतं तर तिकडे गेलोही असतो. पैशाने आलेलं गिऱ्हाईक पैशानेच जातं.

गेलो नाही, कारण तिसऱ्या महिन्यात मला 'पर्सनल मॅनेजर' मिळाला.

माणूस गोड. मी स्लॉटला हात लावत नाही हे त्याने न सांगता ओळखलं आणि फ्री स्पिनचे (स्लॉटवरच्या फुकट फेऱ्यांचे) मेसेज बंद केले. कागदपत्रांची पडताळणी चार दिवस अडकली होती, ती त्याने दुपारपर्यंत मार्गी लावली. मध्ये दहा-बारा दिवस फिरकलो नाही, तर "सगळं ठीक ना?" विचारलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, तसं कळवलं. उलट आलेल्या चार ओळींत खेळाचं अवाक्षर नव्हतं. खरं सांगतो, बरं वाटलं. पुढच्या महिन्यात मी नेहमीच्या दीडपट पैसे भरले. कोणी मागितले नव्हते. पॉइंट, लेव्हल, कॅशबॅक वगैरेंना जे जमलं नाही ते त्या चार ओळींनी केलं.

सहाव्या महिन्यात बरी रक्कम जिंकलो आणि काढायला टाकली. दोन दिवस 'प्रलंबित', शेजारी 'रद्द करा'चं बटण. दुसऱ्या संध्याकाळी मॅनेजरचा मेसेज: पैसे येईपर्यंत टेबलावर या, थोडा बोनस टाकलाय. मी बटण दाबलं. मध्यरात्रीपर्यंत रक्कम अर्धी झाली होती.

त्याच रात्री साध्या सपोर्ट चॅटवर चिडून लिहिलं. समोरच्याने ना बोनस दिला, ना गोड बोलला. "आज हरलेलं आजच परत मिळवायचंय का?" एवढंच विचारलं आणि भरण्याची मर्यादा कुठे लावायची ते दाखवलं. कमी केलेली मर्यादा लगेच लागू होते, वाढवायला मात्र थांबावं लागतं, हेही त्यानेच सांगितलं. आठ महिन्यांत माझ्याकडे कोणी खरंच लक्ष दिलं असेल तर ते या चॅटवाल्याने, आणि त्यात कंपनीचा तोटाच होता. सपोर्टला पाच तारे देतो ते त्याच्यासाठी.

मागच्या महिन्यात मॅनेजर बदलला. नव्या माणसाचा पहिलाच मेसेज: "नमस्कार! आईंचा गुडघा कसा आहे आता?"

मी त्याच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो. माझ्या नावापुढे कुठल्या तरी रकान्यात, रूलेट आणि सरासरी भरण्याच्या शेजारी, आईचा गुडघा टिपून ठेवलेला होता.

खातं अजून आहे, मर्यादा लावलेली. पर्सनल मॅनेजरचे मेसेज बंद करून घेतलेत. गुडघा आता चांगला आहे, जिने चढते आई. ते त्याला कळवलेलं नाही.