कासचं कुमुदिनी तळं, लोकल गाईड घेऊन : 5 पैकी 4 स्टार

कास पठार आता सगळ्यांनाच माहितीये, 2012 ला पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या यादीत गेलं आणि तेव्हापासून सीझनला शनिवार-रविवारी नुसती जत्रा. पण निम्मी पब्लिक रोडजवळची फुलं बघते, सेल्फी काढते आणि सातारला परत. कुमुदिनी नावाच्या पांढऱ्या पाणफुलांचं तळं आत आहे, राजमार्ग नावाच्या वाटेनं चालत जावं लागतं, त्यामुळे तिकडं गर्दी जरा कमी.

गाईडचे पैसे कशाला, फुलं ओळखायचं ॲप आहे की, असं आमच्या ग्रुपमध्ये पण चाललेलं. तळ्यावर पोचल्यावर लगेच फोटो काढून ॲपवर टाकला, उत्तर आलं वॉटर लिली. गाईड दादा हसला नाही काही नाही, फक्त म्हणाला, "ताई, फोटो झूम करा आणि पाकळ्या मोजा." मोजल्या तर पाच! पांढऱ्या, मध्ये पिवळा ठिपका, आणि पाकळीवर सगळीकडं बारीक झालर, कापूस पिंजून चिकटवल्यासारखी. फूल जेमतेम इंचभर. वॉटर लिलीचं फूल तळहाताएवढं असतं, पाकळ्यांचे थरावर थर, आणि त्याचा देठ पानापासून वेगळा, थेट तळातल्या कंदातून वर येतो. कुमुदिनीचा फुलांचा झुबका पानाच्या अगदी खाली, देठातूनच फुटतो, हे त्यानं काठाला आलेलं एक पान दाखवून समजावलं, तोडलं मात्र नाही, हे मला फार आवडलं. पान दोघींचं तरंगतं, गोलसर, एका बाजूनं चिरलेलं, म्हणून ॲपचा घोटाळा होत असणार. कमळाच्या पानाला ती चीर नसते आणि ते पाण्याच्या वर उभं राहतं, म्हणजे तिथं तरी कन्फ्युजन नको.

सगळ्यात भारी पॉइंट तर पुढं. वनस्पतीशास्त्राच्या हिशोबानं कुमुदिनी वॉटर लिलीपेक्षा सूर्यफुलाला जवळची आहे, दोघी एकाच गणातल्या (गण म्हणजे कुळांचा मोठा गट), म्हणजे पठारावर पिवळीधमक पसरलेली, सूर्यफुलाच्याच कुळातली सोनकी हिची लांबची बहीण लागते आणि वॉटर लिली कोणीच नाही! हे ऐकून आमच्यातले बॉटनीवाले पण गप्प झाले.

ही फक्त कासलाच येते असं काही नाही, उथळ साचलेलं पाणी आणि तळाला चिखल असला की इतर तळ्यांमध्ये पण मिळते. पण इथं वरती, जांभ्या खडकाच्या पठारावर, पूर्ण तळं पांढरं झालेलं बघायचं तर पाऊस सरता सरता जायला पाहिजे, सप्टेंबर बेस्ट.

टायमिंग महत्त्वाचं. फूल सकाळी उमलतं आणि दुपारनंतर मिटायला लागतं, एका दिवसाचाच खेळ. मागं एका टूरवाल्यानं (नाव नको) आधी निवांत मिसळ, मग चहा, मग गाडीत डिझेल असं करत आम्हाला दुपार टळल्यावर तिथं नेलेलं, नुसती पानं बघून आलो. त्यामुळे ऑनलाइन बुकिंग करताना सकाळचाच स्लॉट घ्या, आणि गाईडला आधीच सांगा की तळ्यापर्यंत यायचंय, नाहीतर तेरडा आणि सीतेची आसवं ही फुलं दाखवण्यातच वेळ संपतो.

एक स्टार कापला कारण काठावरून फुलं लांब दिसतात आणि पाण्यात उतरायचं नसतंच, तर दुर्बीण घरनंच न्या. चप्पल नको, ग्रिपवाले शूज घाला, वाट निसरडी आहे.