वेम्बान्यामा की होल्मग्रेन? सकाळच्या एका मॅचसाठी कोणाला धरायचं

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, नव्यानं बघायला लागलेल्यांची अडचण ठरलेली असते. 30 टीम, प्रत्येकीच्या 82 मॅच आणि आपल्या हातात ऑफिसला निघण्याआधीचा जेमतेम तास-दीड तास. अशा वेळी टीमच्या मागे लागण्यापेक्षा एक खेळाडू धरावा, तोही ज्याचं करिअर अजून घडतंय असा. सध्या त्यासाठी दोन नावं हटकून पुढे येतात: सॅन अँटोनियो स्पर्सचा व्हिक्टर वेम्बान्यामा आणि ओक्लाहोमा सिटी थंडरचा चेट होल्मग्रेन.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बास्केटबॉल समजून घ्यायचं असेल तर पहिला सीझन होल्मग्रेनचा बघा. डोळे दिपवून घ्यायचे असतील तर वेम्बान्यामा, आणि मग पुढचं वाचायचीही गरज नाही.

वेळेवरून निवड करू म्हणाल तर तीही सोय नाही. दोन्ही शहरं अमेरिकेच्या एकाच टाइम झोनमध्ये. घरच्या मैदानावर संध्याकाळी सातची मॅच असेल, तर हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात.

दोघं सात फुटांच्या वर, दोघंही काडीपैलवान, दोघंही रिमजवळ (बास्केटच्या कड्याजवळ) ब्लॉक करतात, म्हणजे समोरच्याचा शॉट हातानं अडवतात, आणि बाहेरून थ्रीसुद्धा (तीन पॉइंटचा लांबचा शॉट) मारतात. म्हणून तुलना होतेच, आणि ती जुनी आहे. 2021 मध्ये लाटव्हियातल्या रिगा इथे 19 वर्षांखालील विश्वचषकाची फायनल झाली, अमेरिका विरुद्ध फ्रान्स. वेम्बान्यामानं 22 पॉइंट आणि 8 ब्लॉक काढले, पण मॅच संपायच्या आतच पाच फाऊल होऊन तो बाहेर बसला. अमेरिकेनं 83-81 नं बाजी मारली आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला होल्मग्रेन. आकडे एकाचे, कप दुसऱ्याचा. पुढची काही वर्षं हेच चालू राहिलं.

वेम्बान्यामाचा जन्म जानेवारी 2004 मधला, पॅरिसजवळचा. आई बास्केटबॉल खेळलेली आणि शिकवणारी, वडील उड्यांच्या स्पर्धांमधले अ‍ॅथलीट. कॉलेजच्या वाटेला तो गेलाच नाही. नांतेर, मग आस्वेल, मग मेट्रोपोलिटन्स 92 असं फ्रान्समध्येच मोठ्या माणसांबरोबर व्यावसायिक लीग खेळून 2023 च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू क्रमानं निवडतात तो कार्यक्रम) पहिल्या क्रमांकावर गेला. होल्मग्रेन दीड-पावणेदोन वर्षांनी मोठा, मिनियापोलिसचा. त्याचे वडीलही सात फुटी, मिनेसोटा विद्यापीठाकडून खेळलेले. गोन्झागा विद्यापीठात एक वर्ष काढून तो 2022 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच ऑगस्टमध्ये सिएटलमधल्या एका हौशी-व्यावसायिक मॅचमध्ये लेब्रॉन जेम्सला अडवताना उजव्या पायाला दुखापत झाली आणि अख्खा पहिला सीझन पाण्यात गेला. म्हणून 2023-24 मध्ये दोघंही एकाच वेळी रूकी (पहिल्या सीझनचे खेळाडू) म्हणून उतरले.

त्या वर्षीचे आकडे पाहिले तर स्पर्धाच नव्हती. वेम्बान्यामा: सरासरी 21.4 पॉइंट, 10.6 रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल), 3.6 ब्लॉक. होल्मग्रेन: 16.5, 7.9 आणि 2.3. रूकी ऑफ द इयर एकमतानं वेम्बान्यामा, होल्मग्रेन दुसरा. फेब्रुवारी 2024 मध्ये तर वेम्बान्यामानं टोरांटोविरुद्ध 29 मिनिटांत 27 पॉइंट, 14 रिबाउंड आणि 10 ब्लॉक केले. दहा ब्लॉक! काही टीमचे पूर्ण मॅचमध्ये एवढे होत नाहीत.

पण टेबलची दुसरी बाजूही बघा. स्पर्सनं त्या सीझनमध्ये 82 पैकी 22 मॅच जिंकल्या. मध्ये सलग 18 हरल्या. थंडरनं 57 जिंकल्या, आणि होल्मग्रेन 82 मधली एकही मॅच चुकला नाही.

दोघांमधला खरा फरक इथे आहे. वेम्बान्यामाला टीमनं सगळंच दिलं: बॉल आणणं, थ्री मारणं, रिम राखणं, हरल्यावर पत्रकारांना तोंड देणं. 2024-25 मध्ये तो मॅचमागे जवळपास नऊ थ्री मारत होता, आणि त्यातले 35 टक्के जात होते. एवढ्या उंचीच्या माणसानं ड्रिबल करत (बॉल आपटत) येऊन बाहेरूनच शॉट मारावा का, यावर कट्ट्यावर तासभर वाद घालता येईल. मला विचाराल तर जरा जास्तच होतं ते. होल्मग्रेनकडून मात्र मोजकंच मागितलं गेलं. बॉल टीममधल्या शाय गिल्जस-अलेक्झांडरच्या हातात, त्यानंतर जेलन विल्यम्सच्या. चेटनं स्क्रीन लावायचा (समोरच्याच्या वाटेत उभं राहून आपल्या माणसाला मोकळं करायचं), कोपऱ्यात मोकळं राहायचं, बॉल आला तर मारायचा, नाही आला तर कुरकुर न करता परत धावायचं.

नव्या प्रेक्षकाला हेच फायद्याचं पडतं. एखाद्या मॅचमध्ये पाच मिनिटं बॉल सोडून फक्त होल्मग्रेनकडे बघा. समोरचा गार्ड (बॉल घेऊन येणारा खेळाडू) आत घुसतो तेव्हा तो लगेच अंगावर जात नाही. स्वतःचा माणूस आणि रिम यांच्या मधोमध अर्धं पाऊल मागे राहतो, हात वर, पाय जमिनीवर. गार्डनं पास द्यावा की शॉट घ्यावा, हे ठरायच्या आत त्याची जागा बदललेली असते. उडी सगळ्यात शेवटी. पुष्कळदा तीही लागत नाही, गार्ड आपणच बॉल बाहेर काढतो. हे स्कोअरकार्डवर येत नाही, पण थंडरचा डिफेन्स कसा चालतो ते यातूनच कळतं. वेम्बान्यामाच्या बाबतीत असं बघणं अवघड, कारण हात पसरले की आठ फूट. तो चुकीच्या जागी असला तरी पोहोचतो, आणि आपल्याला वाटतं बरोबरच उभा होता.

23 जून 2025 ची आपली पहाट, एनबीए फायनलची सातवी म्हणजे निर्णायक मॅच, समोर इंडियाना पेसर्सची टीम. होल्मग्रेनचे 18 पॉइंट, 8 रिबाउंड आणि 5 ब्लॉक. फायनलच्या सातव्या मॅचमध्ये इतके ब्लॉक त्याआधी कुणाच्या नावावर नव्हते. थंडर चॅम्पियन. महिन्याभरात त्याच्याशी पाच वर्षांचा नवा करारही झाला.

तब्येतीच्या बाबतीत दोघांवरही डोळे झाकून पैज लावू नये. होल्मग्रेनचं पायाचं दुखणं सांगितलंच. नोव्हेंबर 2024 मध्ये पडून कमरेचं हाड मोडलं आणि त्या सीझनला तो नियमित मॅचपैकी 32 च खेळला. वेम्बान्यामाच्या उजव्या खांद्यात रक्ताची गुठळी निघाली, फेब्रुवारी 2025 मध्ये त्याचा सीझन 46 मॅचवर थांबला. मोठ्या वैयक्तिक पुरस्कारांसाठी आता किमान 65 मॅचची अट असल्यानं हातात आलेला सर्वोत्तम डिफेंडरचा मानही गेला. त्या उन्हाळ्यात तो चीनमध्ये शाओलिन मंदिरात जाऊन राहिला. एनबीएच्या खेळाडूंकडून आपण सहसा लास वेगासच्या बातम्या ऐकतो.

इथपर्यंत वाचून होल्मग्रेनचं पारडं एकदम जड वाटेल. पण डिसेंबर 2025 मध्ये माझंही मत जरा हललं. थंडर 24 जिंकून एकच हरलेले, एनबीए कपची (सीझनच्या मध्येच होणारी वेगळी स्पर्धा) सेमीफायनल, आणि पोटरीच्या दुखापतीनं 12 मॅच बाहेर असलेला वेम्बान्यामा बाकावरून उतरला. 22 पॉइंट, स्पर्स 111-109 नं जिंकले. मग 23 आणि 25 डिसेंबरला पुन्हा थंडरलाच हरवलं. म्हणजे दोन आठवड्यांत तीनदा. आता त्याच्या भोवती स्टेफॉन कासल, डि'आरॉन फॉक्स अशी माणसं आहेत. सगळं एकट्यानं ओढायची वेळ राहिलेली नाही, आणि त्यानं त्याचा खेळ उलट धारदार झालाय.

घरात उंच पोरगं असेल, शाळेच्या किंवा क्लबच्या टीममध्ये सेंटर (रिमजवळ खेळणारा उंच खेळाडू) म्हणून उभं केलेलं, तर त्याला मात्र विचार न करता होल्मग्रेन दाखवा. सहा फूट तीन इंचाच्या पोरानं वेम्बान्यामाची नक्कल करायला घेतली की चार पावलं ड्रिबल, एक उलटसुलट शॉट आणि कोचचा ओरडा, एवढंच पदरात पडतं. जागा धरणं, हात वर ठेवणं, मोकळा शॉट न घाबरता मारणं, हे कुठल्याही उंचीला शिकता येतं.

तरीही ठरत नसेल तर दोन्ही टीम वेस्टर्न कॉन्फरन्समधल्याच (लीगच्या पश्चिम गटातल्या) आहेत, सीझनमध्ये साधारण चारदा समोरासमोर येतात. लीग पासवर (एनबीएच्या मॅच ऑनलाइन दाखवणारी सेवा) त्या तारखांना खूण करून ठेवा. पहिल्या हाफमध्ये एकाकडे बघा, दुसऱ्या हाफमध्ये दुसऱ्याकडे. चौथ्या क्वार्टरला नजर आपोआप कुणाकडे जाते, तोच तुमचा.