मोबाईलचं कव्हर आणि कॉलवरचा आवाज: उद्यमनगरातल्या वर्षभराच्या वापरानंतर

कव्हर घेताना आपण रंग बघतो, जाडी बघतो, कॅमेऱ्याभोवतीची कड बघतो. त्यातून आपला आवाज समोरच्याला कसा पोचेल हे कुणी बघत नाही आणि दुकानदारही सांगत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ज्यांचं पोट फोनवरच्या बोलण्यावर आहे, त्यांनी जरूर वाचावं.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये डिस्पॅच बघतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांकडून कास्टिंग येतं, आमच्याकडे मशीनिंग होतं आणि माल चाकणच्या बाजूला जातो. नग किती भरले, चलन नंबर काय, गाडी कधी सुटली, बोअर (आतल्या भोकाचा व्यास) कितीवर राहिला, हे सगळं फोनवरच चालतं. बोलताना मागं लेथ चालू असतात, शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडर चालू असतो. या धंद्यात आकडा चुकीचा ऐकू गेला की अख्खा लॉट अडकतो, त्यामुळे कॉलचा आवाज ही माझ्यासाठी हौसेची गोष्ट नाही.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर नवा फोन घेतला. आमची फरशी काँक्रीटची, म्हणून कव्हर सगळ्यात दणकट घेतलं. आत रबरासारखा थर, बाहेरून कडक पॉलीकार्बोनेट, चारी कोपऱ्यांना हवेच्या उशा. खोक्यावर ‘मिलिटरी ग्रेड’ छापलेलं. हे अमेरिकी लष्कराचं मिल-एसटीडी-८१० नावाचं मानक. त्यातल्या पडण्याच्या चाचणीत वस्तू सुमारे १.२२ मीटर उंचीवरून, सगळ्या बाजू, कडा आणि कोपरे धरून २६ वेळा पाडतात. फोन सांभाळण्यात या कव्हरनं काही कमी ठेवलं नाही. सरफेस प्लेटच्या टेबलावरून थेट खाली आला तरी काचेला ओरखडा नाही. पण पडण्याच्या त्या चाचणीत आवाज तपासतच नाहीत, आणि माझा सगळा त्रास तिथूनच सुरू झाला.

फौंड्रीतले सुपरवायझर दर कॉलला म्हणायला लागले, “अवो, तुमचं काय बी कळंना झालंय, बाहेर येऊन बोला की.” चाकणच्या स्टोअरमधून वेगळीच तक्रार: “स्पीकर बंद करा, माझाच आवाज मला परत येतोय.” मला मात्र दोघांचंही बोलणं स्वच्छ ऐकू यायचं. या बिघाडाची खरी अडचण हीच आहे. तो ज्याच्या हातात असतो त्याला कळत नाही, समोरच्याला कळतो. समोरचा माणूस भिडेखातर दोनदा ‘हॅलो’ म्हणून सोडून देतो, किंवा नेटवर्कला बोल लावतो.

उलगडा झाला तो आमच्या एका टर्नरमुळे. त्याच्याकडे हाच फोन आहे, कंपनी तीच, सिमही त्याच नेटवर्कचं, फक्त तो कव्हर लावत नाही. माझ्या जागेवर उभं राहून त्यानं शिरोलीला फोन लावला, तर सुपरवायझर म्हणाले, आवाज एकदम क्लिअर. मग माझं कव्हर काढून त्याच्या फोनला चढवलं आणि परत लावला. त्याचाही आवाज बसला. कव्हरबरोबर दोषही गेला म्हटल्यावर शंकेला जागा उरली नाही.

आता हे का होतं ते सांगतो, कारण एकदा कळलं की कव्हर हातात घेतल्या घेतल्या अर्धा अंदाज येतो.

आजच्या फोनला एक माइक नसतो, निदान दोन असतात. एक खाली, चार्जिंगच्या खाचेशेजारी, तो तोंडाजवळचा. दुसरा वर, वरच्या कडेला किंवा कॅमेऱ्यापाशी. खालच्या माइकला तुमचा आवाज मोठा आणि भोवतालचा गोंगाटही येतो. वरच्याला गोंगाट जवळजवळ तेवढाच, पण तुमचा आवाज बारीक. फोन दोन्हींची तुलना करून गोंगाट वजा करतो. लेथशेजारी उभं राहून बोलता येतं ते या वजाबाकीमुळे. जाड कव्हरनं वरचं भोक झाकलं की दुसऱ्या बाजूचा हिशेबच बिघडतो. मग एक तर गोंगाट तसाच पुढं जातो, नाही तर फोन तुमच्या आवाजालाच गोंगाट समजून खातो आणि वाक्याच्या मधले शब्द गायब होतात. माझ्या कव्हरला वर भोक नव्हतंच. कॅमेऱ्यासाठी मोठी खिडकी आणि वरची कड सलग बंद.

खालच्या माइकचं दुखणं वेगळं. व्हर्नियर लावून बघितलं तर तिथं कव्हरची भिंत चार मिलिमीटरच्या आसपास जाड, आणि भोक जेमतेम दीड मिलिमीटरचं, तेही माइकच्या भोकासमोर नेमकं न येता थोडं बाजूला. एवढ्या अरुंद आणि खोल नळीतून आवाज आत जाताना वरच्या पट्टीचे स्वर मरतात आणि खालचे घुमतात. सुपरवायझर त्याला ‘विहिरीतनं बोलल्यागत’ म्हणायचे.

वरच्या पट्टीचे स्वर मेले तर काय बिघडलं असं वाटेल, पण ‘स’, ‘श’, ‘ष’ यांची ओळख तिथंच असते; त्यातही ‘स’चा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. व्होल्टीई (४जी नेटवर्कवरून जाणारे कॉल) आल्यावर तो ५० ते ७००० पर्यंत रुंदावला, म्हणून आता आवाज समोर बसून बोलल्यासारखा येतो. नेटवर्कनं रुंद करून दिलेला हा रस्ता आपण कव्हर लावून परत अरुंद करतो. मी लेथपासून हातभर अंतरावर उभा राहून व्हॉइस रेकॉर्डर लावला आणि पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट असं कव्हरसकट आणि कव्हर काढून म्हणून ठेवलं. कव्हर काढलेल्या रेकॉर्डिंगमध्ये चारही आकडे वेगळे. कव्हरसकट पहिले दोन तर मलाच ओळखू येईनात, नुसतं ‘आसट, आसट’. बोअरचं माप सांगताना हे चालत नाही.

तिसरी गोष्ट परत येणाऱ्या आवाजाची. समोरच्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो तेव्हा तो तुमच्या स्पीकरमधून निघून तुमच्याच माइकमध्ये शिरलेला असतो. हा प्रतिध्वनी काढून टाकायची सोय फोनमध्ये असते. पण खालचा स्पीकर आणि माइक शेजारी शेजारी, आणि त्यांच्यासमोर कव्हरची उंच कड आली की आवाज तिच्यावर आपटून सरळ माइकमध्ये जातो. त्यात फोनची पाठ आणि कव्हर यांच्यात फट असेल तर आवाजाला आतल्या आतच वाट मिळते. एका मर्यादेपलीकडे फोनची सोय पुरी पडत नाही.

वर्कशॉपमध्ये असल्यावर हात स्वस्थ बसत नाहीत. कव्हर फोनवरून काढून (हे महत्त्वाचं, फोन आत ठेवून ड्रिलजवळ जाऊ नका) खालच्या भोकाला बाहेरच्या बाजूनं काउंटरसिंक मारला, म्हणजे नळीचं नरसाळं झालं. वरच्या कडेला माइकची जागा मार्क करून दोन मिलिमीटरचं भोक पाडलं आणि आतली बर (ड्रिलनं राहिलेली खरबरीत कड) ब्लेडनं साफ केली. फरक लगेच पडला. आकडे वेगळे ऐकू यायला लागले, गोंगाटही बराच कमी गेला. स्पीकरवरचा प्रतिध्वनी मात्र हटला नाही, कारण त्याचं मूळ कडेच्या उंचीत होतं, आणि ती कड कापली असती तर कव्हर घेण्यात अर्थच राहिला नसता. फोनवर कमी बोलणाऱ्याला, साइटवर उन्हातान्हात राबणाऱ्याला हे कव्हर मी आजही सांगेन. मला ते परवडलं नाही.

त्यानंतर काही आठवडे फ्लिप कव्हर वापरलं. दिसायला रुबाबदार, खिशात काचही सांभाळली जाते. पण बोलताना झाकण मागं दुमडलं की ते नेमकं पाठीवर बसतं, आणि ज्या फोनला कॅमेऱ्यापाशी माइक आहे त्याचा तो झाकला जातो. झाकण बंद ठेवून बोलायचं तर कानाचा स्पीकर पुठ्ठ्याला पाडलेल्या फटीतून ऐकायचा. वर्कशॉपमध्ये ते जमत नाही. घरी आईनं तेच कव्हर आनंदानं घेतलं. तिचे कॉल शांत खोलीतले असतात, तिला काही अडचण नाही.

पावसाळ्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण कोल्हापूरचा पाऊस एकदा लागला की दिवस दिवस उघडत नाही. गाडीवरून शिरोलीला जाताना फोन झिपच्या प्लास्टिक पाऊचमध्ये असतो. पाऊच पूर्ण बंद असेल तर दोन्ही माइक एका पडद्यामागं जातात आणि आतली हवा घुमते. प्लास्टिक फोनला घासलं तरी समोरच्याला खरखर ऐकू जाते. कव्हर आणि पाऊच दोन्ही असेल तर बोलूच नये. मी पाऊचमधून कॉल घेणं सोडून दिलं. आडोशाला गाडी लावायची, फोन बाहेर काढायचा, मग बोलायचं. ज्यांना थांबणं शक्य नाही त्यांनी माइकवाला ब्लूटूथ इअरफोन वापरावा. तेव्हा फोनचे माइक बाजूला पडतात आणि पाऊचचा प्रश्न राहत नाही. (गाडी चालवत बोलायला मी सांगत नाहीये.)

आता वापरात आहे ते साधं पारदर्शक टीपीयूचं (मऊ, लवचिक प्लास्टिकचं) कव्हर. दीडशे रुपयांचं, राजारामपुरीतून घेतलेलं. खालची बाजू जवळजवळ सगळी मोकळी, म्हणजे चार्जिंग, स्पीकर आणि माइक यांना मिळून एकच लांब खाच; वर माइकसाठी स्वतंत्र भोक; कोपरे तेवढे फुगीर. घेतानाच दुकानात रेकॉर्डर लावून तपासलं. दुकानदारानं पाच-सहा कव्हरं समोर टाकली आणि आपणहून म्हणाला, “लावून बोलून बघा की, त्यात काय.” दोन कव्हरं तिथल्या तिथं बाद झाली. दिसायला ती बाकीच्यांसारखीच होती, पण वरचं भोक याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलच्या जागी होतं. स्वस्त कव्हरांत हा घोळ बराच असतो: साचा एका मॉडेलचा आणि विक्री दोन मॉडेलच्या नावावर.

तपासायची रीत सांगतो. बऱ्याच फोनमध्ये व्हॉइस रेकॉर्डर खालचा माइक घेतो, सेल्फी व्हिडिओ वरचा आणि मागच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ पाठीकडचा. तिन्हीत एकच वाक्य कव्हरसकट आणि कव्हरशिवाय बोलून ऐकायचं. त्यातला एखादा बसलेला वाटला तर कुठलं भोक अडलंय ते समजतं. शेवटी एक कॉल स्पीकरवर लावून समोरच्याला विचारायचं, तुमचा आवाज परत येतोय का. प्रतिध्वनी रेकॉर्डिंगमध्ये सापडत नाही, तो समोरच्यालाच विचारावा लागतो.

महिने गेले तसं आणखी एक लक्षात आलं आणि नव्या कव्हराच्या कौतुकात ते कुणी लिहीत नाही. टीपीयू सैल होतं. उन्हात गाडीच्या डिकीत, खिशाच्या उबेत, रोज काढ-घाल करून ते ताणतं, आणि नवीन असताना चिकटून बसलेलं कव्हर पाठीपासून सुटायला लागतं. उन्हाळा संपता संपता चाकणहून परत तीच तक्रार आली, तीही स्पीकर लावल्यावरच. कव्हर काढलं की बंद. खालच्या कडेला बोट दाबून धरलं तरी कमी व्हायचं, म्हणजे फट तिथंच होती. पिवळेपणा नुसता दिसायला वाईट, सैलपणा कामाला वाईट.

आणि घाण. बिडाचा बारीक काळा चुरा आणि कूलंटचा तेलकट हात एकत्र आले की माइकच्या भोकात लुकण तयार होतं. कव्हर असलं की ते कव्हरच्या नि फोनच्या मध्ये साठतं आणि बाहेरून दिसतही नाही. कव्हर काढून कोरड्या मऊ ब्रशनं झाडायचं. आमच्याकडे कुणी कुणी हवेची गन लावतात; कृपा करून लावू नका. आतला माइक तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि त्याचा पडदा अतिशय नाजूक. लाइनच्या दाबाची हवा किंवा टाचणी, दोन्हींनी तो कायमचा जातो आणि मग कव्हर बदलून काही होत नाही.

उलट बाजूची तक्रार असेल, म्हणजे आपल्यालाच समोरचं बारीक ऐकू येत असेल, तर आधी काचेवरचं टफन (वरून चिकटवलेली संरक्षक काच) बघा. कानाच्या स्पीकरची फट वरच्या कडेला असते. टफन केसभर वर सरकलं तर ती अर्धी झाकली जाते, आणि तिच्या कडेला मळ धरतो. सुपरवायझरांचं तेच निघालं. माझ्यानंतर त्यांनीही कव्हर काढून बघितलं, फरक शून्य. टफन बदलून घेतल्यावर फोन ऐकू यायला लागला. टफननं फोन कानाजवळ आल्याचं ओळखणारा सेन्सर झाकला तर आणखी एक होतं: कानाला लावल्यावर स्क्रीन बंद होत नाही आणि गालानं म्यूट दाबलं जातं.

माझ्या पारदर्शक कव्हरचा एक कोपरा आता फाटलाय. पाऊस उघडला की बदलणार. दुकानात या मॉडेलची साधी पारदर्शक संपली आहेत, छापील डिझाइनची शिल्लक आहेत, आणि त्यांचा छपाईचा थर वरच्या भोकावरून सलग गेलेला दिसतोय. दुसरीकडे साधं मिळालं तर ते, नाहीतर छापील घेऊन दोन मिलिमीटरचं ड्रिल परत काढेन.