रोलिंग विंडो की काल्मन फिल्टर? बाजाराची बदलती कार्यक्षमता मोजताना

एका विकसनशील देशाच्या शेअर बाजाराचा वीस वर्षांचा रोजचा निर्देशांक हाताशी आहे. प्रबंधाचा प्रश्न एकच: हा बाजार हळूहळू कार्यक्षम होत गेला का? कार्यक्षम म्हणजे इथे अर्थशास्त्रज्ञ युजीन फामा यांच्या 1970 च्या मांडणीतला सगळ्यात सौम्य अर्थ, जुन्या भावांवरून उद्याचा भाव ओळखता न येणं. अख्ख्या वीस वर्षांना एकच चाचणी लावून 'अकार्यक्षम' असा शेरा मारणं सोपं आहे, पण त्यात सुरुवातीच्या कच्च्या वर्षांचं खापर पुढच्या वर्षांवरही फुटतं. बदल दाखवणारी पद्धत हवी, आणि निवड बहुतेक वेळा रोलिंग विंडो आणि काल्मन फिल्टर या दोघांत येऊन अडते.

रोलिंग विंडो समजायला सोपी. पहिले 500 दिवस घ्या, चाचणी लावा, एक दिवस पुढे सरका, पुन्हा लावा. चाचणी म्हणून लो आणि मॅकिन्ले यांची 1988 ची व्हेरियन्स रेशो चाचणी चांगली: दोन दिवसांच्या परताव्याचा व्हेरियन्स (चढउतार किती पसरट आहेत याचं माप) हा एका दिवसाच्या व्हेरियन्सच्या दुप्पट आहे का, एवढंच ती विचारते. बरोबर दुप्पट असेल तर गुणोत्तर 1. लागोपाठच्या दिवसांत 0.2 सहसंबंध असेल तर साधारण 1.2. दोनऐवजी पाच किंवा दहा दिवस घेऊनही हेच करता येतं, म्हणजे हळू मुरणारी बातमीही पकडीत येते.

खरी डोकेदुखी विंडोच्या लांबीची. 500 दिवसांत सहसंबंधाची प्रमाण त्रुटी (मोजमापात योगायोगाने येणारी साधारण चूक) सुमारे 0.045, म्हणजे तिच्या दुप्पट, 0.09 च्या आतलं काही ठामपणे दिसणारच नाही. बदल लवकर टिपावा म्हणून 250 दिवस घेतले तर तीच मर्यादा 0.12 वर जाते. शिवाय मोठ्या पडझडीचा एक दिवस विंडोत शिरताना आलेख उसळतो आणि 500 दिवसांनी बाहेर पडताना पुन्हा हलतो. ही दुसरी हालचाल बाजारातली नसते, पण तिच्यामागे धोरणात्मक कारण शोधणारे लोक असतात. आणखी एक: पाच हजार दिवसांत साडेचार हजार विंडो होतात. बाजार पूर्ण कार्यक्षम असला तरी 5 टक्के पातळीवर सरासरी सव्वादोनशे विंडो निव्वळ योगायोगाने नापास होतील, आणि शेजारच्या विंडोंत 499 दिवस सामाईक असल्यामुळे या नापास विंडो घोळक्याने येतील. घोळका दिसला की 'अकार्यक्षमतेचा कालखंड' असं नाव द्यायचा मोह होतो.

काल्मन फिल्टरमध्ये विंडो नाहीच. आजचा परतावा कालच्या परताव्यावर किती अवलंबून आहे हे सांगणारा गुणक रोज थोडाथोडा बदलू द्यायचा, आणि त्याच्याभोवतीचा विश्वासपट्टा (खरा गुणक बहुधा ज्या हद्दीत असेल ती) शून्याला कधी कवेत घेतो ते बघायचं. झालेव्स्का-मितुरा आणि हॉल यांनी 1999 मध्ये हंगेरीच्या बाजारावर असंच काम केलं. बुडापेस्टचा शेअर बाजार 1990 मध्ये पुन्हा उघडला होता. अशा कोवळ्या बाजारात विंडो भरेपर्यंत थांबलात तर सगळ्यात मजेशीर दोन वर्षं हातची जातात. ती वाचवायची असतील तर काल्मनच घ्या.

पण हा फिल्टर लाडावलेला आहे. चढउतारांची तीव्रता बदलती असते, म्हणून सोबत गार्च, म्हणजे ही बदलती तीव्रता मोजणारं मॉडेल, जोडावं लागतं. नाहीतर वादळी महिने गुणकाला ओढून नेतात. सुरुवातीचं मूल्य काय धरलं यावर पहिले काही महिने हलतात. कधीकधी गुणकाच्या बदलाचा व्हेरियन्स अंदाजात शून्यावर चिकटतो आणि आलेखात सरळ रेघ येते. तिचा अर्थ 'बाजार बदलला नाही' असा घाईने लावू नका. आणि 'त्या दिवशी एखाद्याला नफा कमावता आला असता का' हा प्रश्न असेल तर स्मूद केलेला आलेख चालणार नाही, कारण त्यात पुढच्या दिवसांची माहिती मागे झिरपलेली असते.

बाजाराच्या नियमांत एखादी मोठी सुधारणा झाली असेल तर तिच्या तारखेला मालिका मधोमध कापून दोन भागांची तुलना करणं हा तिसरा मार्ग. सुधारणा खरोखर एका दिवशी अमलात आली असेल तरच.

माझा कौल: रोजचा डेटा आठ-दहा वर्षांपेक्षा जास्त असेल तर आधी रोलिंग विंडो, वाइल्ड बूटस्ट्रॅपसह (हाताशी असलेल्या आकड्यांची चिन्हं वगैरे यादृच्छिक बदलून चाचणीची मर्यादा ठरवण्याची पद्धत), आणि 250 व 500 अशा दोन्ही लांबींवर. बाजार नवा असेल किंवा बदलाचा नेमका काळ हवा असेल तर काल्मन.

मात्र दोन्ही पद्धतींना एकच खोट सारखीच फसवते: शिळे भाव. समजा निर्देशांकातल्या प्रत्येक शेअरमध्ये कुठल्याही दिवशी व्यवहार न होण्याची शक्यता 30 टक्के आहे. बातमी तत्क्षणी पचत असली तरी न हललेले शेअर तिची दखल दुसऱ्या दिवशी घेतात, आणि निर्देशांकात सुमारे 0.3 सहसंबंध उगवतो. पुढे उलाढाल वाढली की तो आपोआप घटतो, आणि आलेख म्हणतो बाजार शहाणा झाला! म्हणून रोजच्यासोबत आठवड्याच्या आकड्यांवरही तीच चाचणी लावा. सहसंबंध तिथे बराचसा विरला तर दोष शिळ्या भावांचा असण्याची शक्यता जास्त.

भाव हुकमाने गोठवले तरी अशीच फसगत होते. पाकिस्तानातल्या कराची शेअर बाजारात ऑगस्ट 2008 च्या अखेरीस निर्देशांकाला किमान पातळी घालून दिली होती, तिच्याखाली तो जाऊच द्यायचा नाही. ती डिसेंबरच्या मध्यापर्यंत टिकली आणि उठताच घसरण दिवसामागून दिवस चालली. त्या महिन्यांचे जवळपास शून्य परतावे तसेच मालिकेत ठेवले तर विंडो आणि फिल्टर दोन्ही त्यांना बाजाराचं वागणं समजतात. ते दिवस बाजूला काढून एकदा, ठेवून एकदा, असे दोन्ही आलेख छापा.