‘मदरबोर्ड गेलाय’ असं सांगून आमच्याकडून पैसे उकळले, त्याची हकीकत

बाबांच्या जुन्या डेस्कटॉपच्या दुरुस्तीत आमची सरळसरळ फसवणूक झाली. मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेले असतात ते मुख्य सर्किट) बदलल्याचे पैसे घेतले आणि प्रत्यक्षात बदलला फक्त एक बटण सेल. वर चालू असलेली रॅमची (मेमरीची) एक पट्टी काढून घेतली, ती वेगळीच. ज्यांच्या घरी दहा-बारा वर्षं जुना संगणक अजून रोजच्या वापरात आहे, त्यांनी हे सगळं वाचावं, कारण ज्या लक्षणांवरून आम्हाला गंडवलं ती लक्षणं अशा प्रत्येक यंत्रात कधी ना कधी दिसतात.

सुरुवात घड्याळापासून झाली. संगणक चालू केला की तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असायची. ब्राउझर प्रत्येक साइटला ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणायचा, कारण सर्टिफिकेटची मुदत तो संगणकाच्या तारखेशी ताडून बघतो. बाबा तारीख हाताने दुरुस्त करायचे, दिवसभर काम करायचे, रात्री भिंतीवरचं बटण बंद करायचे आणि सकाळी पुन्हा तेच. मग काळ्या पडद्यावर ‘सीएमओएस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड, प्रेस एफ१’ अशी ओळ यायला लागली, म्हणजे बोर्डावर साठवलेली सुरुवातीची सेटिंग्ज बिघडली म्हणून मूळ सेटिंग्ज घेतली. एफ१ दाबलं की पुढे जायचं. आणि एके दिवशी पुढे गेलंच नाही. विंडोजचा लोगो यायचा, निळा पडदा यायचा, त्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’, आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. तोच फेरा, सारखा.

मी तेव्हा बाहेरगावी होते. बाबांनी ओळखीतून नंबर मिळवून एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने पडदा पाहिला आणि ‘काका, कॅबिनेट वर्कशॉपला न्यावं लागेल’ म्हणून उचलून नेलं. संध्याकाळी फोन आला: मदरबोर्ड गेलाय, एवढ्या जुन्या मॉडेलचा नवा मिळत नाही, रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला दुरुस्त करून घेतलेला, टाकावा लागेल. बोर्डामुळे हार्ड डिस्कलाही फटका बसलाय, डेटा वाचवायचा असेल तर रिकव्हरीचे वेगळे पैसे. वर असंही सांगितलं की विंडोज १० बंद झाल्यामुळे ‘आता ही मशीन्स अशीच बसतायत’.

हे शेवटचं वाक्य तर धडधडीत खोटं आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स थांबली. त्यामुळे चालू असलेलं यंत्र सुरू व्हायचं बंद होत नाही. पण बातम्यांत ऐकलेली गोष्ट आणि समोरचा निळा पडदा यांची सांगड कुणी आत्मविश्वासाने घालून दिली, तर माणसाला ते पटतं. त्यात डिस्कवर बाबांचे वर्षानुवर्षांचे हिशेब आणि घरातले सगळे फोटो. ‘डेटा जाईल’ हे दोन शब्द ऐकल्यावर घासाघीस कोण करणार? बाबांनी होकार दिला. त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं, आणि हे मी त्यांनाही सांगितलं.

कॅबिनेट परत आलं. सोबत एका कागदावर हाताने लिहिलेलं बिल: मदरबोर्ड, डेटा रिकव्हरी, विंडोज इन्स्टॉलेशन. कुठल्याच वस्तूचा सिरीयल नंबर नाही, वॉरंटीचा उल्लेख नाही. जुना बोर्ड मागितला तर ‘तो स्क्रॅपला गेला’.

मी घरी आले तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “चालू झालाय गं, पण आधीपेक्षा फार रखडतो.” टास्क मॅनेजर उघडून मेमरी पाहिली. आठ जीबी होती ती चार झालेली, आणि खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ पुढे दोनपैकी एक. म्हणजे चार-चारच्या दोन पट्ट्यांतली एक नाहीशी. तिथे संशय आला आणि मग एकेक करून सगळंच तपासलं.

आधी विंडोज. बिलावर इन्स्टॉलेशन लावलेलं, पण डेस्कटॉपवरचं चित्र तेच, हिशेबाचं सॉफ्टवेअर तेच, प्रिंटर जोडलेला, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही जागच्या जागी. नव्याने विंडोज टाकल्यावर यातलं काही आपोआप परत येत नाही. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन पाहिलं, तर डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्हेटेड. ही खूण फार महत्त्वाची आहे. विंडोज १० चं डिजिटल लायसन्स यंत्राच्या हार्डवेअरशी, मुख्यतः मदरबोर्डाशी, बांधलेलं असतं. बोर्ड खरोखर बदलला तर ॲक्टिव्हेशन सहसा जातं आणि पुन्हा करून घ्यावं लागतं. इथे त्याला धक्काही लागला नव्हता.

मग डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कच्या स्वतःच्या नोंदी वाचून दाखवतं. त्यात डिस्क ‘गुड’, रीअलोकेटेड सेक्टर शून्य, पेंडिंग सेक्टर शून्य, म्हणजे खराब झालेली किंवा संशयास्पद जागा एकही नाही. बोर्डामुळे फटका बसलेली, रिकव्हरी करून वाचवावी लागलेली म्हणतात ती हीच डिस्क.

आणि मग राउटर. ज्यांचा संगणक तारेने इंटरनेटला जोडलेला आहे त्यांना हे फार उपयोगी पडेल. डेस्कटॉपचा लॅन पोर्ट मदरबोर्डावरच असतो आणि त्या चिपला स्वतःचा बारा अक्षर-अंकांचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची ओळख, असते. बोर्ड बदलला की पत्ताही बदलतो. बाबांच्या संगणकाला घरच्या नेटवर्कवर कायम एकच क्रमांक (आयपी) मिळावा म्हणून मी खूप आधी राउटरमध्ये त्याचा मॅक पत्ता नोंदवून ठेवला होता. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘गेटमॅक’ लिहून आताचा पत्ता काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. बाराच्या बारा तेच. पत्ता सॉफ्टवेअरने मुद्दाम बदलता येतो हे खरं, पण परक्या बोर्डावर नेमका आपला जुनाच पत्ता कुणी कशाला चढवून देईल?

शेवटी कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झाकणी काढली. आतलं चित्र पाहून माझा संताप झाला. मदरबोर्ड ज्या स्क्रूंनी पेटीला बसवलेला असतो, त्या स्क्रूंच्या फुल्यांमध्ये राखाडी धूळ गच्च भरलेली होती. प्रोसेसरच्या पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत धुळीचा अख्खा थर, कुठेही न मोडलेला. बोर्ड बाहेर काढून दुसरा बसवायचा तर हे सगळे स्क्रू फिरवावे लागतात, पंखा उतरवावा लागतो, प्रोसेसर काढून उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावावी लागते. यातलं काहीही झालेलं नव्हतं. अख्ख्या बोर्डावर दोनच जागा स्वच्छ होत्या: रिकामा झालेला रॅमचा स्लॉट, आणि सेलच्या गोल खोबणीभोवती बोटाएवढी पुसलेली जागा. खोबणीत कोरा करकरीत सेल चमकत होता.

म्हणजे नेमकं काय झालं होतं, ते सांगते. मदरबोर्डावर सीआर२०३२ नावाचा तीन व्होल्टचा बटण सेल असतो. बऱ्याच मनगटी गॅजेट्समध्ये आणि रिमोटमध्ये असतो तोच. संगणकाला वीज मिळत नसते तेव्हा घड्याळ चालू ठेवणं आणि जुन्या बोर्डांवर बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डातल्याच सॉफ्टवेअरची) सेटिंग्ज टिकवणं, हे त्याचं काम. संगणक नुसता शटडाउन केला आणि भिंतीवरचं बटण चालू राहिलं तर घड्याळ पॉवर सप्लायच्या स्टँडबाय विजेवर चालतं, सेल खर्चत नाही. रोज रात्री बटण बंद करणाऱ्यांचा सेल त्यामुळे लवकर संपतो. विजेच्या दृष्टीने सवय चांगलीच आहे, सेल तेवढा काही वर्षांनी बदलायचा.

सेल संपला की तारीख विस्कटते आणि बायोस मूळ सेटिंग्जवर जातं. बहुतेक सेटिंग्जनी फरक पडत नाही, एकीने पडतो: साटा मोड, म्हणजे बोर्डाने डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं ते. बऱ्याच जुन्या बोर्डांवर हा मुळात ‘आयडीई’ असतो. विंडोज मात्र ‘एएचसीआय’ ठेवून टाकलेलं असतं. मोड परस्पर बदलला की विंडोजला सुरू होताना स्वतःची डिस्कच सापडत नाही आणि ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येतं. डिस्क ठणठणीत, बोर्ड ठणठणीत, विंडोजही शाबूत. सेल बदलायचा, सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जायचं, साटा मोड परत एएचसीआय करायचा, तारीख लावायची, सेव्ह करून बाहेर पडायचं. बूट ऑर्डर बिघडली असेल तर तीही तिथेच नीट होते. त्या माणसाने नेमकं एवढंच केलं होतं, आणि पहिल्या नजरेत त्याला सगळं कळलं असणार, कारण पडद्यावर चेकसमची ओळ लिहूनच येत होती.

मी फोन केला. मॅक पत्त्याचं आणि धुळीचं सांगितल्यावर गोष्ट बदलली. “ताई, बोर्ड बदलला नाही, चिप लेव्हल रिपेअर केलाय. बिलात शॉर्टमध्ये लिहिलं.” कोणती चिप, विचारलं. “पॉवरची आयसी.” चिप बदलायची तर ती गरम हवेने उतरवावी लागते, त्यासाठीही बोर्ड बहुधा पेटीबाहेर काढावाच लागतो, आणि टाक्यांभोवती फ्लक्सचा (टाके घालताना लावतात त्या रसायनाचा) चिकट डाग किंवा निदान ताज्या कथलाची चमक दिसते. आमच्या बोर्डावर त्या भागात धुळीशिवाय काही नव्हतं. फोटो पाठवले. रॅमबद्दल उत्तर मिळालं की ‘ती पट्टी खराब होती, म्हणून काढली’. मग बाबांना तेव्हाच का सांगितलं नाही आणि पट्टी परत का दिली नाही, यावर गप्प. बरीच हुज्जत घातल्यावर चार जीबीची एक पट्टी पाठवली, ती दुसऱ्याच कंपनीची. चालते आहे. बोर्डाचे आणि रिकव्हरीचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत. बिलात सिरीयल नंबर नसल्याने तो अजूनही आपलंच खरं म्हणतोय.

जुना संगणक सुरू होत नसेल तर दोष दुसरीकडेही असू शकतो, प्रत्येक वेळी सेलच असं मी म्हणत नाही. पंखे फिरतात पण पडद्यावर काहीच नाही आणि ठरावीक लयीत बीप येतात, तर आधी रॅम पाहा: वीज काढून पट्टी उपसावी, सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसावी, परत खटकन बसवावी. बटण दाबल्यावर काहीच हालचाल नाही, तर पॉवर सप्लाय. तो गेला असेल तर अख्खाच्या अख्खा बदलायचा असतो. त्याचा डबा मात्र घरी कधीही उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) धोकादायक विद्युतदाब साठून राहतो. सुरू होऊन काही मिनिटांत बंद पडतो, तर प्रोसेसरच्या पंख्यातली धूळ आणि वाळलेली पेस्ट. बोर्डावरच्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरचं डोकं फुगलंय किंवा वरून तपकिरी गळती दिसतेय, तर बोर्ड खरोखर संपत आलाय. पण हे डोळ्यांना दिसतं. सांगणाऱ्याला दाखवायला सांगा.

कॅबिनेट घराबाहेर जाणार असेल तर आधी झाकणी काढून मोबाइलवर फोटो घ्या: बोर्डावरचा सिरीयल नंबरचा स्टिकर, रॅमच्या पट्ट्यांची लेबलं, डिस्कचं लेबल, पॉवर सप्लायचं लेबल. नेणाऱ्याच्या समोर घ्या, त्याला दिसू द्या. शक्य असेल तर डिस्क काढून घरीच ठेवा. बोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय तपासायला डिस्क लागत नाही, बायोसचा पडदा तिच्याशिवायही येतो. आणि डिस्क घरात असली की ‘डेटा जाईल’ ही भीती घालायला जागाच उरत नाही. काढलेला प्रत्येक भाग परत हवा, हे काम सुरू होण्याआधी सांगा आणि बिलात नव्या भागाचा सिरीयल नंबर लिहून घ्या. डिस्क बदलली असेल तर जुनी कुठल्याही सबबीवर त्याच्याकडे ठेवू नका, तिच्यावर तुमचे साठवलेले पासवर्डही असतात.

बाबांनी आपले सगळे पासवर्ड बदलून घेतले, कारण कॅबिनेट रात्रभर त्या वर्कशॉपमध्ये होतं आणि डिस्क आतच होती. ज्यांचं यंत्र असं परक्या हातात जाऊन आलंय त्यांनी बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड तरी आजच बदलावा.